जर्मन भाषेचा घटनात्मक व वैधानिक दर्जा : एक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
एखाद्या भाषेला शासकीय मान्यता आहे, एवढ्या विधानावरून तिच्या भाषकाला नेमका कोणता अधिकार प्राप्त होतो, हे स्पष्ट होत नाही. जर्मन भाषा अनेक देशांत राजमान्य असली तरी त्या मान्यतेचे स्वरूप सर्वत्र सारखे नाही. प्रस्तुत लेखात या भिन्नतेचा संक्षिप्त आढावा घेतला आहे.

मान्यतेचे विविध प्रकार :
जर्मनीच्या 1949 च्या संघराज्यीय घटनेत राजभाषेचा उल्लेखच नाही. प्रशासनाची भाषा जर्मन असल्याची तरतूद 1976 च्या प्रशासकीय कार्यपद्धतीविषयक कायद्यात आढळते. याउलट, ऑस्ट्रियाच्या घटनेतील आठवे कलम जर्मनला राज्याची भाषा ठरविते. मात्र त्यामुळे भाषिक अल्पसंख्याकांच्या हक्कांना बाध येत नाही. लिश्टेनश्टाइनच्या 1921 च्या घटनेनुसार जर्मन ही राष्ट्रभाषा व राजभाषाही आहे. स्वित्झर्लंडमध्ये ती चार राष्ट्रीय भाषांपैकी एक असून कँटनची राजभाषा ठरविण्याचा अधिकार कँटनलाच आहे. बेल्जियममध्ये पूर्व सीमेवरील नऊ नगरपालिका मिळून जर्मन भाषिक प्रदेश बनतो. नामिबियात मात्र 1990 च्या घटनेने इंग्रजीलाच राजभाषा केल्यामुळे जर्मनचा पूर्वीचा अधिकृत दर्जा संपुष्टात आला.

दक्षिण टायरॉलचा अनुभव :
दर्जा व अधिकार यांतील अंतर दक्षिण टायरॉलमध्ये ठळकपणे जाणवते. पहिल्या महायुद्धानंतर हा जर्मन भाषिक प्रदेश ऑस्ट्रियाकडून इटलीकडे गेला. 1923 पासून फॅसिस्ट राजवटीने तेथील शाळांतून जर्मन क्रमाक्रमाने हद्दपार केली. मुलांना गुप्तपणे भरणाऱ्या वर्गांत मातृभाषेचे शिक्षण घ्यावे लागले. 1946 च्या पॅरिस करारात इटलीने भाषिक समानतेचे आश्वासन दिले. 1972 च्या स्वायत्तता सनदेनुसार त्या प्रदेशात जर्मनला इटालियनच्या बरोबरीचे स्थान मिळाले. तथापि, त्यास प्रत्यक्ष आशय लाभला तो पुढील नियमांमुळे. 1976 मध्ये शासकीय सेवेसाठी दोन्ही भाषांचे ज्ञान अनिवार्य ठरले, तर 1988 च्या नियमांनी कार्यालयांत व न्यायालयांत जर्मन वापरण्याचा नागरिकांचा हक्क निश्चित केला. म्हणजेच करारातील शब्द न्यायालयाच्या दाराशी पोहोचण्यास चार दशकांहून अधिक काळ लागला.

निष्कर्ष :
जर्मनीत घटनात्मक उल्लेखाविनाही जर्मन सुरक्षित आहे. कारण तेथे ती बहुसंख्याकांची भाषा आहे. अल्पसंख्य भाषकांना असा आधार नसतो. त्यांच्या बाबतीत शाळा, कार्यालय व न्यायालय यांविषयीच्या सुस्पष्ट तरतुदी हाच मान्यतेचा खरा निकष ठरतो.