बर्फात पाऊल टाकण्यापूर्वी

हिवाळी ट्रेकचा आनंद जरूर घ्या. पण धोक्याचा हिशेब घरी बसूनच मांडा.

डिसेंबर उजाडला की कॉलेजातल्या मुलामुलींचे बेत सुरू होतात. उत्तराखंडातील केदारकंठा, ब्रह्मताल, नाहीतर लडाखमधील गोठलेल्या नदीवरची ‘चादर’. मग घरात दोन तट पडतात. आई म्हणते, ‘‘एवढ्या थंडीत कशाला मरायला जायचे?’’ मुलगा म्हणतो, ‘‘सगळेच तर जातात!’’ दोघांचेही म्हणणे अपुरे आहे. धोका नेमका कशात आहे आणि तो पेलण्याची आपली तयारी किती, हे पाहूनच जायचे की नाही ते ठरवायला हवे.

महाराष्ट्रातल्या भटक्यांचा येथे हमखास गोंधळ होतो. सह्याद्रीत हिवाळा हा सर्वात सुखाचा ऋतू. पावसाळ्यातली निसरड नाही, उन्हाळ्यातली तलखी नाही. हिमालयात याच्या अगदी उलट असते. कळसूबाई हे राज्यातले सर्वोच्च शिखर १,६४६ मीटर उंच आहे. केदारकंठाची उंची त्याच्या दुपटीहून अधिक, सुमारे ३,८०० मीटर. सह्याद्रीतला अनुभव दमसासाला उपयोगी पडतो, पण बर्फाची पारख तो शिकवत नाही.

दोन साधे प्रश्न

कोणताही धोका जोखताना दोन प्रश्न विचारावेत. असे घडण्याची शक्यता किती? आणि घडलेच तर किती महागात पडेल? पाय मुरगळण्याची शक्यता हरिश्चंद्रगडावरही असते. तेथे चार तास बसून राहावे लागले तर फार तर कंटाळा येतो. हिमालयात मात्र साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. चालणे थांबले की शरीरात उष्णता तयार होणे कमी होते आणि तोच मुरगळलेला पाय जिवावर बेतू शकतो. हिवाळा लहान चुकीची मोठी किंमत वसूल करतो.

थंडीचे गणित

दर हजार मीटर उंचीला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते. म्हणजे डेहराडूनला दुपारी २० अंश असले, तर ३,४०० मीटरवरच्या मुक्कामी त्याच वेळी २ अंशांच्या आसपास असणार. रात्रीची गोष्ट वेगळीच. त्यात वारा आला की हिशेब आणखी बदलतो. उणे १० अंशांत ताशी ३० किलोमीटरचा वारा सुटला, तर उघड्या त्वचेला उणे २० चा गारठा जाणवतो.

याहून फसवा शत्रू म्हणजे घाम. चढताना भिजलेला सुती बनियन थांबल्याबरोबर बर्फासारखा होतो. म्हणून सुती कपडे आणि जीन्स घरीच ठेवाव्यात. आत घाम शोषून लवकर वाळणारा थर, मध्ये लोकर किंवा फ्लीस, बाहेर वारा अडवणारे जाकीट असावे. घाम येण्याआधी एक थर काढावा, थांबताच पुन्हा चढवावा. कोरड्या मोज्यांची एक जोडी फक्त झोपण्यासाठी राखावी.

शरीराचे तापमान ३५ अंशांखाली गेले की माणसाची जीभ जड होते, बोटांना बटण लागत नाही, पाय अडखळतात. हुडहुडी भरलेला माणूस कोरडे कपडे आणि गरम, गोड पेय यांनी सावरतो. पण बरे न वाटताच हुडहुडी थांबली, तर ती धोक्याची घंटा समजावी. दारूने ऊब येते हा निव्वळ भ्रम आहे. तिने त्वचेकडचा रक्तप्रवाह वाढतो आणि शरीरातली उष्णता उलट बाहेर पडते.

उंची, उतार आणि तंबू

साधारण २,५०० मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास सुरू होऊ शकतो. डोकेदुखी आणि मळमळ असेल तर आणखी वर जाऊ नये. बसल्याजागी धाप लागली किंवा तोल जाऊ लागला, तर सकाळची वाट न पाहता खाली उतरवावे.

हिमस्खलन बहुधा ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होते. ताज्या बर्फवृष्टीनंतरचा पहिला दिवस-दोन दिवस सर्वात घातक. पायाखाली ‘धप्प’ असा पोकळ आवाज आला किंवा बर्फाला तडे जाताना दिसले, तर तो उतार सोडावा. येथे अनुभवही कवच ठरत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये उत्तरकाशीजवळ ‘द्रौपदी का डांडा’ येथे गिर्यारोहण संस्थेचे प्रशिक्षणार्थी व प्रशिक्षक हिमस्खलनात सापडले आणि दोन डझनांहून अधिक जीव गेले.

तंबूत मात्र धोका आपणच आत नेतो. ऊब मिळावी म्हणून बंद तंबूत स्टोव्ह किंवा शेगडी कधीही पेटवू नये. कार्बन मोनॉक्साइड वायूला ना रंग ना वास. झोपेतच घात होतो.

परत फिरण्याची वेळ

जून २०२४ मध्ये उत्तराखंडातील सहस्त्रतालच्या वाटेवर २२ जणांचा गट हिमवादळात सापडला आणि ९ जण मृत्युमुखी पडले. ऐन उन्हाळ्यात असे घडू शकते, तर जानेवारीत काय, याचा विचार करावा.

म्हणून परत फिरण्याची वेळ निघण्यापूर्वीच ठरवावी. ‘बारा वाजेपर्यंत माथा आला नाही, तर जेथे असू तेथून मागे.’ थकलेले, गारठलेले मन शिखर समोर दिसताच ‘आणखी थोडेसेच’ म्हणते. भरलेले पैसे आणि मित्रांची भीडही आड येते. वेळेचा हिशेब गटातल्या सर्वात हळू चालणाऱ्याच्या वेगाने करावा.

पैसे भरण्याआधी आयोजकाला विचारावे: किती जणांमागे एक वाटाड्या? प्राणवायूचे सिलिंडर सोबत असते का? सर्वात जवळचा दवाखाना किती तासांवर? हवामान बिघडले तर राखीव दिवस आहे का? उत्तरे गुळमुळीत आली तर दुसरा आयोजक शोधावा. बऱ्याच वाटांवर मोबाइल चालत नाही आणि परवान्याशिवाय सॅटेलाइट फोन बाळगणे भारतात गुन्हा आहे. म्हणून वाटेचा तपशील आणि परतीची तारीख घरी लिहून ठेवावी.

घरच्यांचाही यात वाटा असतो. मुलगा परतल्यावर पहिला प्रश्न ‘‘शिखर गाठलेस का?’’ असा असू नये. अर्ध्या वाटेवरून मागे फिरलेल्या मुलाला शाबासकी मिळते, हे त्याला जाण्याआधीच ठाऊक असले, तर ऐन वेळी मागे वळणे त्याला जड जाणार नाही.