कावीचा तांबडा रंग कागदावर उतरावा कसा?

मोरजी येथील श्री मोरजाई मंदिराचे कावीकाम पाहिलेल्यांच्या डोळ्यांसमोर दोनच रंग उभे राहतात : चुन्याचा पांढरा आणि मातीचा तांबडा. चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या रंगाचा थर चढवायचा आणि तो ओला असतानाच टोकदार हत्याराने कोरून आतील पांढरा चुना उघडा करायचा, अशी ही गोमंतकाची आणि कोकणपट्टीची जुनी भित्तिकला. पावसाळ्यांनी होणारी झीज, नूतनीकरणात चढणारा सिमेंटचा गिलावा आणि तैलरंगाचे हात यांमुळे अनेक ठिकाणचे कावीकाम नाहीसे झाले आहे. जेथे भिंतच उरत नाही, तेथे छायाचित्र हाच पुरावा उरतो. त्या छायाचित्रातील तांबडा रंग विटकरी दिसला किंवा चुना निळसर दिसला, तर पुरावाही सदोष ठरतो.

हीच अडचण पेडणे किंवा डिचोलीत लग्नसमारंभ टिपणाऱ्या छायाचित्रकाराला वेगळ्या रूपात भेटते. संगणकावर उजळ दिसलेला वधूचा चेहरा अल्बममध्ये काळवंडतो, हिरव्या चुड्याची छटा बदलते, पेडण्याच्या पुनवेतील तरंगांना नेसवलेल्या साड्यांचे रंग मूळ रंगांशी जुळत नाहीत. दोष लॅबला दिला जातो, फेरछपाई होते आणि खर्च छायाचित्रकाराच्या माथी येतो. पुष्कळदा मूळ दोष लॅबमध्ये नसून संगणकाच्या मॉनिटरमध्ये असतो.

पडदा फसवतो कसा?

नवा मॉनिटर खोक्यातून निघतो तो दुकानात उठून दिसावा अशा बेताने. त्याची उजळता बहुधा २५० ते ३५० कँडेला प्रति चौरस मीटर, म्हणजे बाजारभाषेत तितके निट्स, एवढी असते आणि पांढरा रंग अनेकदा निळसर झाकेचा असतो. अशा प्रखर पडद्यावर काम करणाऱ्याला छायाचित्र जास्तच उजळ वाटते आणि तो ते गडद करतो. कागदाला स्वतःचा प्रकाश नसतो. त्यामुळे छापील प्रत काळवंडलेली येते. पडदा निळसर असेल तर डोळा नकळत त्यात पिवळेपणा मिसळतो आणि कागदावर चुन्याची भिंत पिवळट उतरते. चूक नेहमी पडद्याच्या दोषाच्या उलट दिशेने कागदावर येते, हे ध्यानात ठेवले की निम्मे कोडे सुटते.

यावर डोळ्यांच्या अंदाजाने उपाय होत नाही, कारण डोळा समोरच्या प्रकाशाशी काही मिनिटांतच जुळवून घेतो. मोजमाप यंत्रानेच करावे लागते. कॅलिब्रेशनचे साधन पडद्यावर टेकवून ठेवले की त्याचे सॉफ्टवेअर एकामागून एक ठरावीक रंगांचे चौकोन दाखवते आणि साधन त्यातून येणारा प्रकाश मोजते. यात दोन कामे होतात. पहिले म्हणजे उजळता, पांढऱ्या रंगाची झाक आणि करड्या छटांची चढण ठरलेल्या मापावर आणणे, हे कॅलिब्रेशन. दुसरे म्हणजे हा विशिष्ट पडदा कोणता रंग कसा दाखवतो याची नोंद एका फाइलमध्ये करणे. ही आयसीसी प्रोफाइल. इंटरनॅशनल कलर कन्सॉर्शियम या १९९३ साली स्थापन झालेल्या संस्थेच्या नावावरून ती ओळखली जाते. छायाचित्र-संपादनाची सॉफ्टवेअर हीच प्रोफाइल वाचून रंग दाखवतात.

दोन जातींची साधने

बाजारातील साधनांचे मुख्य प्रकार दोन. कलरिमीटर हे रंगीत गाळण्यांमधून प्रकाश मोजणारे छोटे साधन असते. ते केवळ पडद्यासाठी असते, अंधाऱ्या छटा चांगल्या मोजते आणि तुलनेने स्वस्त पडते. स्पेक्ट्रोफोटोमीटर प्रकाशाचे तरंगलांबीनुसार पृथक्करण करतो. त्याचा स्वतःचा दिवा असल्याने तो कागदावरील रंगही मोजू शकतो आणि प्रिंटरची प्रोफाइल तयार करू शकतो. तो कलरिमीटरहून कित्येक पटींनी महाग असतो.

निवड कशाची करावी हे एका प्रश्नावर ठरते : छपाई कोण करतो? डिचोलीतील स्टुडिओ लग्नाचे अल्बम बाहेरच्या लॅबमध्ये पाठवीत असेल, तर त्याला कलरिमीटर पुरेसा आहे. प्रिंटरची जबाबदारी लॅबची असते. छायाचित्रकाराने लॅबकडून तिच्या कागदाची प्रोफाइल मिळते का हे विचारावे आणि ती मिळाल्यास छापील प्रत कशी दिसेल याची पडद्यावर पूर्वकल्पना घ्यावी. यालाच सॉफ्ट प्रूफिंग म्हणतात. पडदा कॅलिब्रेट केलेला नसेल तर ही पूर्वकल्पनाही निरर्थक ठरते. बहुतेक लॅब एसआरजीबी या रंगपटातील फाइल मागतात. तसे असल्यास तीच द्यावी.

घरीच इंकजेट प्रिंटरवर छपाई करणाऱ्यानेही लगेच महागड्या साधनाकडे धावू नये. प्रिंटर आणि कागद बनवणाऱ्या कंपन्या आपापल्या कागदांच्या तयार प्रोफाइल विनामूल्य देतात. मूळ शाई आणि त्याच कंपनीचा कागद असेल तर त्या बहुधा समाधानकारक ठरतात. पर्यायी शाई, हातकागद किंवा कॅनव्हास वापरणाऱ्यांसाठी मात्र तयार प्रोफाइल नसते. अशा वेळी एखाद्या जाणकाराकडून एकदाच प्रोफाइल करवून घेणे परवडते. कागद सतत बदलत असतील तरच स्पेक्ट्रोफोटोमीटरचा खर्च भरून निघतो.

खरेदीपूर्वी काय तपासावे?

छायाचित्रकारांच्या वापरातील साधनांत दोन नावे प्रामुख्याने ऐकू येतात. एक डेटाकलरची स्पायडर मालिका आणि दुसरे कॅलिब्राइट. पूर्वी एक्स-राइट या नावाने विकली जाणारी छायाचित्रकारांसाठीची साधने २०२१ पासून कॅलिब्राइट या नावाखाली येतात. एकाच मालिकेतील स्वस्त आणि महाग साधनांतला फरक पुष्कळदा मोजमापाच्या अचूकतेत नसून सॉफ्टवेअरमधील सोयींत असतो. उजळतेचे माप स्वतः ठरवता येते का, एकाहून अधिक पडदे जुळवता येतात का, खोलीतील प्रकाश मोजता येतो का, हे पाहावे. यांतील पहिली सोय छपाईसाठी अत्यावश्यक आहे. उजळता ठरवू न देणारे साधन स्वस्त असले तरी घेऊ नये. हजारो निट्स मोजण्याची क्षमता ही एचडीआर चित्रफितींच्या कामाची बाब आहे. कागदी छपाईला तिचा उपयोग नाही.

आर्गिल सीएमएस आणि डिस्प्लेकॅल ही मुक्त सॉफ्टवेअर अनेक कलरिमीटर चालवू शकतात. स्वस्त साधनाच्या सॉफ्टवेअरमध्ये नसलेल्या सोयी त्यांतून मिळू शकतात. घ्यावयाचे साधन त्यांच्या यादीत आहे का, हे आधी पाहावे.

वापरलेले जुने साधन स्वस्तात मिळत असेल तर सावध राहावे. जुन्या कलरिमीटरांतील सेंद्रिय रंगाच्या गाळण्या कालांतराने फिकटतात, आणि दमट हवेत हे लवकर घडते. गोव्याच्या चार महिन्यांच्या पावसाळ्यात कपाटातील लेन्सवर बुरशी चढते, तेथे या गाळण्यांची काय कथा! काचेच्या गाळण्यांची नवी साधने अधिक टिकाऊ असली, तरी तीही सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवावीत. जुन्या साधनाचे मूळ सॉफ्टवेअर आजच्या संगणकावर चालते का, हेही तपासावे.

मॉनिटरच्या प्रकाशयोजनेचा प्रकारही महत्त्वाचा आहे. साधे पांढरे एलईडी, विस्तृत रंगपटाचे एलईडी आणि ओएलईडी यांचा वर्णपट वेगवेगळा असतो. सॉफ्टवेअरमध्ये चुकीचा प्रकार निवडला तर मोजमापच चुकते. आयझो किंवा बेनक्यू यांच्या काही मॉनिटरांत सुधारणा थेट मॉनिटरमध्येच साठवण्याची सोय असते. तो मॉनिटर कोणती साधने स्वीकारतो याची यादी कंपनी देते. ती पाहिल्याशिवाय साधन घेऊ नये. शिवाय, बाजूने पाहताच रंग बदलणाऱ्या स्वस्त लॅपटॉपच्या पडद्याला कोणतेही साधन वाचवू शकत नाही. तेथे पैसा आधी आयपीएस प्रकारच्या मॉनिटरवर खर्च करणे शहाणपणाचे.

कावीच्या छायाचित्रणासाठी मात्र फार महागडा विस्तृत रंगपटाचा मॉनिटर लागतोच असे नाही. कावीचा तांबडा हा लोहाच्या ऑक्साइडचा रंग आहे. डिचोलीच्या खाणपट्ट्यातील धूळ ज्या द्रव्याने तांबडी दिसते, तेच हे द्रव्य. हा रंग खोल असला तरी भडक नाही. तो साध्या एसआरजीबी रंगपटात सामावतो. झेंडूच्या माळांचा झळझळता केशरी किंवा रेशमाची काही तेजस्वी वाणे त्या पटाबाहेर जाऊ शकतात. कावीला हवी आहे ती रंगांची संख्या नव्हे, तर अचूकता.

वापराची शिस्त

साधन घेतल्यावर मॉनिटर किमान अर्धा तास चालू ठेवून मगच मोजणी करावी. आपोआप उजळता बदलणे आणि रात्रीचा पिवळा प्रकाश या सोयी बंद ठेवाव्यात. पांढऱ्या रंगासाठी ६५०० केल्व्हिन, गॅमा २.२ आणि उजळतेसाठी ८० ते १२० निट्स ही छपाईच्या कामाची रूढ मापे आहेत. खोली जितकी मंद, तितकी उजळता कमी. पहिल्या दिवशी पडदा मळकट आणि पिवळसर वाटेल. डोळ्याला सवय होईपर्यंत धीर धरावा. मोजणी महिन्यातून एकदा पुन्हा करावी.

खोलीचा प्रकाशही तितकाच बोलका असतो. कुळागराकडे उघडणाऱ्या खिडकीतून दिवसभर हिरवट प्रकाश येतो. गडद रंगाच्या भिंतीही पडद्यावर आपली झाक टाकतात. म्हणून पडद्यामागे करडी किंवा पांढरी भिंत आणि स्थिर प्रकाश असावा. छापील प्रत पिवळ्या बल्बखाली पाहून निर्णय देऊ नये. छपाई-उद्योगाच्या आयएसओ ३६६४ या मानकात प्रत पाहण्यासाठी सुमारे ५००० केल्व्हिनचा प्रकाश ठरवलेला आहे. तशा प्रतीचा, रंग खरे दाखवणारा एलईडी दिवा मेजावर असावा.

कॅलिब्रेशन केवळ पडदा सुधारते, टिपलेले चित्र नव्हे. सकाळच्या कोवळ्या उन्हात आणि पावसाळी ढगांखाली तीच भिंत कॅमेऱ्याला वेगळी दिसते. म्हणून मंदिराचे दस्तऐवजीकरण करणाऱ्याने प्रत्येक प्रकाशस्थितीत एका चित्रात चोवीस चौकोनांचा रंगतक्ता भिंतीलगत धरावा. १९७६ पासून वापरात असलेल्या या तक्त्यातील रंगांची मापे ठाऊक असतात. त्यांच्या आधारे भिंतीचा रंग पुढे केव्हाही पडताळता येतो.

खर्चाचा विचार करता आणखी एक मार्ग उरतो. कलरिमीटरचे काम महिन्यातून काही मिनिटांचे. एका तालुक्यातील चार-पाच छायाचित्रकार मिळून एक साधन घेऊ शकतात. सॉफ्टवेअरचा परवाना तशी मुभा देतो का, एवढे आधी वाचावे. त्यापूर्वी प्रत्येकाने एक चाचणी करावी : एकच छायाचित्र, काहीही फेरफार न करता, नेहमीच्या लॅबमधून छापून आणावे आणि चांगल्या प्रकाशात पडद्याशेजारी धरावे. दोहोंतील अंतर दिसले की साधनाची गरज पटवून द्यावी लागत नाही.

लग्नाचा अल्बम चुकला तर फेरछपाई होते. मंदिराची भिंत एकदा रंगवून निघाली की तिच्याकडे परत जाऊन रंग ताडून पाहता येत नाही. उद्याच्या कारागिराला तो तांबडा पुन्हा घोटायचा असेल, तर त्याच्या हाती आजचा कागदच असेल.