मैदानावरील हरळी

मुलांनो, उर्दूत आपण जिला दूब म्हणतो, तिलाच मराठीत हरळी म्हणतात. परभणीच्या काळ्या जमिनीत ती बांधावर, वाटेवर, विहिरीकाठी सगळीकडे दिसते. शेतकऱ्याला मात्र ती नकोशी वाटते. तिच्या जमिनीखालच्या खोडांना काशा म्हणतात. काशीचा लहानसा तुकडा राहिला, तरी त्यातून नवे रोप फुटते. म्हणून शेतकरी उन्हाळ्यात खोल नांगरट करतात. वर आलेल्या काशा उन्हात वाळतात. उरलेल्या ते वेचून काढतात.

शेतात नकोशी असलेली हीच हरळी खेळाच्या मैदानावर हवीहवीशी असते. ती जमिनीला घट्ट धरून ठेवते. पायांखाली तुडवली, तरी पुन्हा वाढते. क्रिकेटच्या मैदानांवर आणि गोल्फच्या मैदानांवर हरळीच्याच जाती लावतात. गोल्फ हा खेळ स्कॉटलंडमधून आपल्याकडे आला. कोलकात्यात 1829 साली गोल्फ क्लब स्थापन झाला. या खेळात काठीचा फटका बसला, की कधी कधी मातीसकट गवताचा तुकडा उडतो. तेथे खळगा पडतो. तो वाळू आणि बी यांच्या मिश्रणाने भरतात.

मोठी जागा उघडी पडली, तर काय करावे? प्रथम वाळलेले गवत काढावे. तुडवून घट्ट झालेली माती दाताळ्याने मोकळी करावी. खडे वेचून जमीन सपाट करावी. हरळीचे बी फार बारीक असते. ते वाळूत मिसळून फेकावे, म्हणजे सगळीकडे सारखे पडते. ते खोल पुरू नये. वर मातीचा पातळ थर पुरेसा होतो. काही सुधारित जातींना रुजणारे बी येत नाही. त्यांच्या काड्याच लावाव्या लागतात.

थंड देशांतील गवत उन्हाळ्यात पेरले, तर कोवळी रोपे करपतात. म्हणून तेथे उन्हाळा संपल्यावर पेरणी करतात. हरळीचे तसे नाही. तिला ऊब आवडते. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो, तरी हरळीचा खरा शत्रू ऊन नाही. तिचा शत्रू कोरडेपणा आहे. भिजून फुगलेले बी पुन्हा वाळले, तर ते मरते. म्हणून उन्हाळ्यात पेरले, तर दोन-तीन आठवडे दिवसातून अनेक वेळा थोडे थोडे पाणी शिंपडावे लागते.

पण एवढे पाणी आणायचे कोठून? 2016 सालच्या दुष्काळात मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने 30 एप्रिलनंतरचे आयपीएल क्रिकेट सामने महाराष्ट्राबाहेर घेण्यास सांगितले. माणसे तहानलेली असताना मैदानांवर पाणी का शिंपडावे, हा प्रश्न लोकांनी विचारला होता. सांडपाणी शुद्ध करून वापरणे हा त्यावरचा एक उपाय आहे.

आपल्या शाळेसाठी याहून सोपा उपाय आहे. उन्हाळ्यात जमीन तयार करून ठेवावी. जूनमध्ये मृगाचा चांगला पाऊस पडला, की शेतकऱ्यांनी बांधावर टाकलेल्या ताज्या काशा आणून ओळीने लावाव्यात. रोपे मूळ धरेपर्यंत त्या जागेवर खेळू नये. बाकीचे काम पाऊस करील.

स्वाध्याय
1. शेतकऱ्याला हरळी नकोशी का वाटते?
2. हरळीचे बी वाळूत मिसळून का फेकतात?
3. तुमच्या शाळेच्या मैदानावर गवत कोठे उरले नाही? त्याची कारणे पाच ओळींत लिहा.