गृहकथेचा अनुच्चारित स्वर : सत्यजित राय यांचे पार्श्वसंगीत

साहित्यकृतीवरून चित्रपट निर्माण झाला की समीक्षेचे लक्ष प्रथम कथानकाकडे जाते. कोणता प्रसंग ठेवला, कोणता गाळला, शेवट बदलला की तसाच राखला, याची तपासणी होते आणि तिच्या आधारे रूपांतर मूळ कृतीशी प्रामाणिक आहे किंवा नाही याचा निर्णय दिला जातो. रवींद्रनाथ ठाकूर यांच्या ‘नष्टनीड’ (१९०१) या दीर्घकथेवर आधारलेला सत्यजित राय यांचा ‘चारुलता’ हा चित्रपट १९६४ साली प्रदर्शित झाला, तेव्हा बंगाली नियतकालिकांतून असाच वाद झडला. अशोक रुद्र यांनी मूळ कथेपासून झालेल्या फारकतीवर आक्षेप घेतले आणि राय यांनी एका विस्तृत लेखाद्वारे आपल्या बदलांचे समर्थन केले. भारतीय भाषांतील रूपांतरविषयक चर्चेत या वादाला महत्त्वाचे स्थान आहे. मात्र कथानकाच्या तुलनेत एक प्रश्न सहसा दुर्लक्षित राहतो : कथेतील निवेदकाचे चित्रपटात काय होते?

हा प्रश्न गृहकथेच्या बाबतीत विशेष निकडीचा ठरतो. युद्ध, प्रवास किंवा गुन्हा हे ज्या कथेचे विषय असतात, तेथे बाह्य घटना स्वतःच पुष्कळ काही बोलतात. घराच्या चार भिंतींत घडणाऱ्या कथेत घटना थोड्या आणि त्यांचे मनावरील परिणाम अधिक असतात. पती जवळून जातो आणि पत्नीकडे त्याचे लक्ष नसते, ही घटना म्हणून जवळजवळ काहीच नाही. तिला अर्थ येतो तो निवेदकाच्या वाक्यामुळे. चित्रपटात ते वाक्य नसते. अशा ठिकाणी राय यांचे पार्श्वसंगीत निवेदकाच्या जागी उभे राहते. त्याचे मोल मात्र ते किती बोलते यापेक्षा, कोठे थांबते यावरून अधिक ठरते.

राय यांनी आपल्या चित्रपटांसाठी स्वतः संगीतरचना करण्यास प्रारंभ केला तो १९६१ च्या ‘तीन कन्या’पासून. त्यापूर्वी अपू-त्रयीला (१९५५ ते १९५९) रविशंकर, ‘जलसाघर’ला (१९५८) विलायत खाँ आणि ‘देवी’ला (१९६०) अली अकबर खाँ यांचे संगीत लाभले होते. या सहयोगातून असामान्य क्षण निर्माण झाले. ‘पथेर पांचाली’तील दुर्गेच्या मृत्यूनंतर हरिहर घरी परततो आणि सर्वजयेचा आवर फुटतो. तेथे तिचा आक्रोश ऐकू येत नाही. दक्षिणामोहन ठाकूर यांच्या तारशहनाईवरील पटदीपाचे तीव्र स्वर त्याची जागा घेतात. भारतीय चित्रपटातील पार्श्वसंगीताचे हे एक शिखर मानले जाते आणि ते योग्यच आहे.

तथापि या पद्धतीला मर्यादाही होत्या. मैफलींच्या दौऱ्यांमुळे या थोर वादकांना चित्रपटासाठी वेळ अपुरा पडे. ‘पथेर पांचाली’चे बरेचसे संगीत एका रात्रीच्या सलग बैठकीत ध्वनिमुद्रित झाले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. शिवाय राग हा स्वतःच्या विस्ताराचा नियम बरोबर घेऊन येतो. त्याला आलापासाठी अवकाश लागतो, आणि चित्रपटातील दृश्य कधी वीस सेकंदांत संपते. दृश्याच्या मापाने रचना करावयाची तर रचनाकाराला दृश्याची लय आधीपासून ठाऊक असावी लागते. ती दिग्दर्शकाइतकी कोणाला ठाऊक असणार?

राय यांची संगीताची पूर्वतयारीही दुहेरी होती. आजोबा उपेंद्रकिशोर रायचौधुरी हे बालसाहित्यकार आणि मुद्रणतज्ज्ञ होतेच, शिवाय ते व्हायोलिन वाजवीत आणि ब्राह्मसमाजासाठी गीतेही रचीत. घरात ब्राह्मसंगीत आणि रवींद्रसंगीत यांचे वातावरण होते. दुसरीकडे विद्यार्थिदशेपासून राय यांना पाश्चात्त्य अभिजात संगीताचे वेड लागले. ध्वनिमुद्रिका जमविणे आणि स्वरलिपी वाचणे हा त्यांचा छंद बनला. पुढे रचना करताना बासरीवादक अलोकनाथ दे यांचे दीर्घकाळ साहाय्य त्यांना मिळाले. ‘अशनी संकेत’ (१९७३) आणि ‘हीरक राजार देशे’ (१९८०) यांच्या संगीतासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कारही लाभले. परंतु त्यांच्या संगीतदृष्टीचे खरे मर्म या अधिक ठळक रचनांपेक्षा घरगुती कथांच्या मंद स्वरांतच शोधावे लागते.

‘तीन कन्या’तील ‘पोस्टमास्तर’ ही कथा या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. रवींद्रनाथांच्या मूळ कथेत पोस्टमास्तर नावेत बसून गाव सोडतो, अनाथ रतनच्या आठवणीने क्षणभर व्याकूळ होतो आणि तत्त्वज्ञानाच्या आधाराने स्वतःचे समाधान करून घेतो. शेवटी निवेदक मानवी हृदयाच्या भोळ्या आशेविषयी स्वतः बोलतो. चित्रपटात नाव नाही आणि निवेदकही नाही. आहे तो गावाचा रस्ता. निघालेला नंदलाल रतनला देण्यासाठी नाणे हातात घेऊन उभा राहतो. पाण्याची बादली घेऊन ती त्याच्याकडे न पाहताच पुढे जाते आणि थोड्या वेळाने नव्या बाबूंना पाणी आणल्याचे सांगणारा तिचा आवाज दुरून ऐकू येतो. नंदलाल नाणे खिशात परत ठेवतो. येथे वाद्यमेळाने दुःखाचा उद्घोष केला असता तर मूळ कथेतील निवेदकाचे भाष्य अधिक भडक रूपात परत आले असते. राय यांनी तो मोह टाळला. रतनचा तो दुरून येणारा, नित्याचा आवाज हाच त्या प्रसंगाचा स्वर ठरतो.

‘चारुलता’मध्ये ही दृष्टी अधिक संमिश्र रूप घेते. कथेचा काळ १८८० च्या आसपासचा. इंग्रजी राजकारण आणि बंगाली गाणे एकाच दिवाणखान्यात नांदत असलेला तो काळ होता. ब्रिटनमधील उदारमतवादी पक्षाच्या विजयाचा आनंद भूपती आणि त्याचे मित्र साजरा करतात, त्या बैठकीत राममोहन राय यांचे गीत गायिले जाते. पियानो आणि भारतीय वाद्ये ही दोन्ही त्या घराची खरीखुरी संपत्ती आहे. त्यामुळे राय यांनी पार्श्वसंगीतात केलेला पौर्वात्य आणि पाश्चात्त्य वाद्यांचा मेळ केवळ शैलीचा प्रयोग राहत नाही. तो त्या घराच्या इतिहासाचाच एक भाग होतो.

चित्रपटाच्या आरंभी चारू रुमालावर अक्षर भरीत असता श्रेयनामावली दिसते आणि पार्श्वसंगीताचा प्रमुख सूर प्रथम ऐकू येतो. त्यानंतरच्या काही मिनिटांत संवाद जवळजवळ नाहीत. दुपार, मोठे घर, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाणारी चारू. ती कपाटातून पुस्तक काढते, गुणगुणते, खिडकीच्या फळ्या किलकिल्या करून दुर्बिणीतून रस्ता न्याहाळते. माकडवाल्याचे डमरू आणि पालखीच्या भोयांचा हुंकार हे बाहेरच्या जगाचे ध्वनी आत येतात. मग भूपती हातातल्या पुस्तकात गुंग होऊन तिच्या अगदी जवळून निघून जातो आणि ती त्याच दुर्बिणीतून त्याच्याकडे पाहते. नवरा हा रस्त्यावरच्या अनोळखी माणसाइतकाच दूर गेला आहे, हे विधान येथे एकाही शब्दावाचून सिद्ध होते. संगीताने ते पुन्हा उच्चारले असते तर प्रेक्षकाच्या बुद्धीचा अपमान झाला असता.

या चित्रपटाच्या संगीतसूत्रांत रवींद्रनाथांच्या दोन गीतांच्या चालींना महत्त्व आहे. एक ‘मम चित्ते’ या गीताची, आणि दुसरी ‘फुले फुले’ या गीताची. दुसरी चाल मुळात एका स्कॉटिश लोकगीतावरून रवींद्रनाथांनी घेतलेली. बागेत झोपाळ्यावर बसून चारू ते गाते. परदेशी चाल, बंगाली शब्द आणि एका एकाकी स्त्रीचा मोकळा क्षण यांची त्या गाण्यात गाठ पडते. अमल काही अंतरावर लिहिण्यात मग्न आहे आणि झोक्याबरोबर चारूची दृष्टी बदलत जाते. ‘मम चित्ते’ची चाल मात्र पार्श्वसंगीतात शब्दांवाचून येते, आणि राय यांच्या पद्धतीचा खरा कस येथेच लागतो. गीत शब्दांसह गायिले तर त्याचा अर्थ पात्राच्या मुखी पडतो. तेच केवळ वाद्यावर वाजले तर अर्थ श्रोत्याच्या स्मरणात जागा होतो. पात्राला जे अजून स्वतःलाही कबूल करता आलेले नाही, ते प्रेक्षकाच्या मनात अगोदरच उमटते. कथेतील निवेदक पात्रापेक्षा थोडे अधिक जाणतो आणि ते वाचकाला हलकेच सुचवितो. शब्द वगळलेली चाल येथे नेमके तेच करते.

याच ठिकाणी भारतीय साहित्याच्या तौलनिक अभ्यासाला एक अवघड प्रश्न भेटतो. शब्दांवाचून वाजणाऱ्या चालीतील शब्द कोणाला ऐकू येतात? बंगाली प्रेक्षकाला बालपणापासून ते गीत परिचित असते. मराठी, तमिळ किंवा पंजाबी प्रेक्षकाला ती केवळ एक मधुर स्वरपंक्ती असते. उलट बाजूने विचार केल्यास मुद्दा स्पष्ट होईल. होनाजी बाळाच्या ‘घनश्याम सुंदरा’ या भूपाळीची चाल एखाद्या मराठी चित्रपटात नुसत्या बासरीवर वाजली, तर मराठी श्रोत्याच्या मनात पहाट, अंगण आणि जागे होणारे घर एकदम उभे राहील. अन्यभाषिकाला त्यातले बहुतेक काही लाभणार नाही. चित्रपटाच्या पडद्याखाली संवादांचे भाषांतर छापता येते. न गायिलेल्या गीताचे भाषांतर कोठे छापणार? संगीत ही सर्वांना कळणारी भाषा आहे, असे सर्रास म्हटले जाते. ‘चारुलता’चे पार्श्वसंगीत त्या समजुतीला मर्यादा घालते. या संगीताचा एक स्तर सर्वांसाठी खुला आहे आणि दुसरा स्तर एका भाषेच्या स्मृतीत बंदिस्त आहे.

तरीही परभाषिक प्रेक्षक अगदी रिक्तहस्त परत जातो असे नाही. पुनरावृत्तीमुळे चाल चित्रपटाच्या पोटातच आपला अर्थ घडवीत जाते. प्रथम ज्या मनःस्थितीत ती ऐकू आली, तिची आठवण घेऊन ती पुढच्या प्रसंगी येते. बंगाली श्रोता चालीला आपल्या संस्कृतीतून ओळखतो आणि परभाषिक श्रोता तिला त्या घरातून ओळखू लागतो. मराठी रसिकाचे कान नाट्यसंगीतावर पोसलेले. तेथे पद सुरू झाले की कथा थांबते आणि गायक पुढे येतो. या सवयीच्या श्रोत्याला राय यांचे संगीत प्रथम अपुरे वाटणे शक्य आहे. ते कथेला थांबवीत नाही, तिच्या चालीने चालते, हे ध्यानात आले की त्या अपुरेपणाचे प्रयोजन उमगते.

इतर कौटुंबिक चित्रपटांतही हीच मितव्ययी वृत्ती आढळते. ‘कांचनजंघा’मध्ये (१९६२) दार्जिलिंगला आलेल्या एका प्रतिष्ठित कुटुंबाची एक दुपार आहे. तेथे धुके, घंटांचे नाद आणि एका नेपाळी मुलाचे गाणे हे संगीताच्या बरोबरीने काम करतात. कुटुंबप्रमुखाची सत्ता जेव्हा ओसरते आणि शिखर धुक्याबाहेर येते, तेव्हा ते पाहण्यास तो कुटुंबप्रमुख मोकळा नसतो. त्या मुलाचे गाणे मात्र चालू असते. नरेंद्रनाथ मित्र यांच्या कथेवरील ‘महानगर’मध्ये (१९६३) निम्नमध्यमवर्गीयांचे अरुंद घर आहे, आणि त्या घराला न पेलणारा वाद्यवृंद तेथे परकाच ठरला असता.

‘शाखाप्रशाखा’मध्ये (१९९०) तर संगीत पार्श्वभूमी सोडून घरातच राहावयास येते. वृद्ध आनंद मजुमदार आजारी पडतात आणि मुले एकत्र जमतात. त्यांतील प्रशांत हा अपघातानंतर मनाचा तोल गेलेला मुलगा बाखचे संगीत आणि ख्रिस्ती प्रार्थनागीते ऐकत आपल्या खोलीत असतो. भावांच्या व्यवहारी, भ्रष्ट जगाला कुटुंबात उत्तर देणारा दुसरा कोणी नाही. जेवणाच्या टेबलावर तो हात आपटतो. त्याच्यापाशी शब्द नाहीत, संगीत आहे. १९६१ मध्ये निवेदकाच्या जागी आलेले संगीत येथे एका पात्राची वाणी झाले आहे.

पार्श्वसंगीताविषयी राय यांची स्वतःची भूमिका काहीशी साशंक होती. चित्रपट पूर्ण सिद्ध असेल तर त्याला संगीताची गरज भासू नये, प्रेक्षकाच्या सोयीसाठी ते योजावे लागते, अशा अर्थाचे विचार त्यांनी वेळोवेळी मांडले. या शंकेमुळेच त्यांच्या रचनांना काटकसरीचे वळण लागले असावे. ज्याला संगीत अनिवार्य वाटत नाही, तो प्रत्येक स्वराला त्याच्या उपस्थितीचे कारण विचारतो.

म्हणून ‘नष्टनीड’ आणि ‘चारुलता’ यांची तुलना करताना केवळ कथेतील प्रसंग आणि चित्रपटातील प्रसंग समोरासमोर ठेवणे पुरेसे नाही. मूळ कथेत निवेदक ज्या ज्या ठिकाणी चारूच्या मनाविषयी बोलतो, त्या ठिकाणी चित्रपटात काय ऐकू येते याची नोंद व्हावयास हवी. चाल ऐकू येत असेल तर ती कोणत्या गीताची, त्या गीताचे शब्द कोणते आणि ते का गाळले, हेही सांगावे लागेल. अन्यभाषिक अभ्यासकासाठी ही टीप संवादांच्या भाषांतराइतकीच आवश्यक आहे. ती नसेल तर घर दिसते, माणसे दिसतात, पण त्या दुपारी चारूच्या मनात काय चालले होते यातील निम्मे ऐकावयाचे राहून जाते.