खाजनाची राखण

गोव्यात मांडवी आणि झुआरीच्या काठाने कित्येक शेते अशी आहेत, की भरतीच्या वेळी नदीचे खारे पाणी त्यांच्यापेक्षा उंच असते. मध्ये उभा असतो तो मातीचा बांध. दिवाडी, चोडण, मेरशी, आगशी अशा गावांतून जाताना रस्त्याच्या एका बाजूला भाताची हिरवी खाचरे आणि दुसऱ्या बाजूला तिवरांनी वेढलेली खाडी दिसते, ती याच बांधामुळे. या जमिनीला खाजन म्हणतात. राज्यात ती सुमारे १८ हजार हेक्टर आहे. बांदोड्याला सापडलेल्या एका ताम्रपटात, कोकणच्या मौर्यांपैकी अनिर्जितवर्मा याच्या काळात, खाजन जमिनीचा उल्लेख येतो. तो साधारण सहाव्या-सातव्या शतकातला मानतात. म्हणजे पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधीपासून इथल्या माणसाने खाडीकडून शेत मागून घेतले होते.

या सगळ्या व्यवस्थेचा जीव मानशीत आहे. मानस म्हणजे बांधात बसवलेले पाण्याचे दार. जांभ्या दगडाचे भक्कम बांधकाम, त्यात लाकडी चौकट आणि चौकटीत फिरणारी जाड फळ्यांची दारे. भरती चढू लागली की नदीचे पाणी बाहेरून रेटा देते आणि दारे चौकटीवर घट्ट बसतात. ओहोटी लागली, बाहेरची पातळी उतरली, की आत साठलेले पाणी दारे नदीकडे ढकलते आणि वाहून जाते. इंजिन नाही, वीज नाही, चंद्र जे पाणी हलवतो त्याच पाण्यावर हे यंत्र चालते. बांधाच्या आत मानशीपाशी एक खोलगट तळे असते, त्याला पोंय म्हणतात. शेतांतले चर येऊन त्यात मिळतात, पावसाचे जादा पाणी तिथे थांबते आणि ओहोटीची वाट बघते. फळीला शिंपले चिकटतात, लाकूड कुजते, फटीतून पाणी झिरपायला लागते. म्हणून मानशीकडे रोज बघणारा माणूस लागतो. एक फळी वेळेवर बदलली नाही, तर पाठीमागची सगळी शेते खारावतात.

जून-जुलैचा पाऊस जमिनीतले मीठ धुऊन काढतो. मग पेरणी होते, बऱ्याचदा मोड आलेल्या बियाण्याची. पारंपरिक वाण म्हणजे कोरगूट, आणि त्याच्या जोडीला आसगो, मुणो, दामगो. कोरगूट उंच वाढतो, पाण्यात उभा राहतो आणि खारेपणा सोसतो. त्याचा उकडा तांदूळ जाड, तांबूस. त्याची पेज गोव्याच्या घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या प्यायली गेली. कापणी झाली की काही खाजनांत भाजीपाला होतो, काही ठिकाणी मिठागरे उभी राहतात, आणि पोंयीत वर्षभर मासळी वाढते. शेवटे, काळुंदर, सुंगटे म्हणजे कोळंबी, कुर्ल्या. ओहोटीच्या वेळी मानशीच्या तोंडाला जाळे लावायचे आणि वाहत्या पाण्याबरोबर येणारी मासळी धरायची. एकाच जमिनीतून भात, मीठ आणि मासळी, म्हणजे गोव्याचे पूर्ण ताट. तेही बाहेरून खताचे एक पोते न आणता, कारण गाळ नदी देते.

हे सारे गावकारीच्या हातात होते. गावची जमीन गावकारांच्या सामाईक मालकीची, तिचा लिलाव त्यांनी करायचा, बांध आणि मानस त्यांनीच राखायची. १५२६ मध्ये पोर्तुगीजांनी या रूढी फोराल नावाच्या सनदेत लिहून काढल्या आणि पुढे या संस्थांना कोमुनिदाद हे नाव पडले. इतिहासकार दामोदर कोसंबी यांनी त्यांचा अभ्यास केला आहे. या संस्थांना सोन्याचा मुलामा देण्याची गरज नाही. हक्क काही ठरावीक घराण्यांच्या पुरुषांपुरता होता. चिखलात उतरून बांध घालणाऱ्याला बहुतेक वेळा त्यात वाटा नव्हता. पण एक गोष्ट त्यांनी पक्की धरून ठेवली होती. मानशीवरच्या मासळीच्या पावणीतून, म्हणजे लिलावातून, येणारा पैसा आणि बांधाच्या डागडुजीचा खर्च एकाच तिजोरीत होता. शेत बुडाले तर नुकसान त्याच संस्थेचे.

१९६४ चा कूळ कायदा आणि १९७६ ची पाचवी दुरुस्ती यांनी कसणाऱ्याला जमिनीचा मालक केले. हे न्याय्यच झाले. बांधाची जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे आली, त्यांच्या समित्या झाल्या, सामूहिक जबाबदारीचे नियमही झाले. कागदावर काही करायचे राहिले नाही. प्रत्यक्षात मात्र तुकड्या-तुकड्यांचे मालक झालेल्या शेकडो कुटुंबांना एका बांधासाठी एकत्र आणणे कठीण होते. घरातली तरुण मुले नोकरीला किंवा परदेशी गेली. भाताला मिळणारा दर आणि मजुरी यांचा मेळ बसेना. त्याच वेळी सुंगटांचा भाव चढत गेला.

इथे खरी मेख आहे. मानशीची पावणी ज्याने घेतली, त्याचा फायदा जास्त खारे पाणी आत येण्यात असतो, कारण त्याच पाण्याबरोबर मासळीची पिल्ले येतात. मग भरतीला दारे उघडी ठेवली जातात. वेगाने येणारे पाणी बांधाची माती खाते, खारेपणा शेतात चढतो, भात जळते. शेतकरी एक हंगाम सोडतो, दुसरा सोडतो. जमीन पडीक होते. काही ठिकाणी फुटलेला बांध कोणी बुजवलाच नाही, आणि शेताचे कायमचे तळे झाले. नदीतून खनिजाच्या बार्जेस जात-येत तेव्हा त्यांच्या लाटांनीही बांधांचे पाय झिजवले.

शेतीच्या धोरणानेही एक चूक केली, ती उताऱ्याच्या मोजपट्टीची. ज्योती, जया हे सुधारित वाण जास्त पीक देतात म्हणून पसरले. गोड्या पाण्यात ते चांगलेच आहेत. पण ज्या वर्षी मानस गळते, त्या वर्षी उभा राहतो तो कोरगूट. जुने गोवे इथल्या कृषी संशोधन संस्थेने कोरगुटातूनच निवड करून गोवा धान १ आणि गोवा धान २ हे वाण दिले, याचा मला मनापासून आनंद वाटतो. संशोधकांनी जुन्या बियाण्याकडे परत वळावे, हे शहाणपणाचे आहे.

कायद्यांची तशी उणीव नाही. २०११ च्या सागरी किनारा नियमन अधिसूचनेत गोव्याच्या खाजनांना वेगळे संरक्षण आहे. तिथे विकासकामाला मनाई आहे. २०२३ मध्ये गोव्याने भातशेतीची जमीन बिगरशेतकऱ्याला विकण्यावर निर्बंध आणले. त्याच वर्षी नगर नियोजन कायद्यात १७(२) हे कलम घालून जमिनीचा वापर बदलण्याची वाटही उघडली. त्याखालचे नियम मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने रद्द केले. एका हाताने कुंपण घालायचे आणि दुसऱ्याने फाटक उघडायचे, याला धोरण म्हणता येत नाही.

आपल्या रायगडच्या खारेपाटातही हीच कथा वेगळ्या रीतीने घडली. तिथे १९४८ च्या आणि नंतर १९७९ च्या खारभूमी कायद्याने बंदिस्ती सरकारी खात्याकडे गेली, पनवेलच्या केंद्राने खारेपणा सोसणारे भाताचे वाण काढले. तरी पेण-अलिबागकडे उधाणाने बांध फुटतात आणि शेतकरी दुरुस्तीच्या निधीची वाट बघत बसतो. राखण गावाकडे असो की खात्याकडे, ओहोटीच्या आत खिंडार बुजवणारा कोणी तरी लागतो, आणि त्याच्या हातात पैसा लागतो.

म्हणून माझे मागणे सरळ आहे. पावणीच्या करारातच भरतीला मानस बंद ठेवण्याची अट असावी, ती मोडली तर पावणी रद्द व्हावी. लिलावाचा पैसा आधी बांधाला लागावा, उरला तर वाटला जावा. बांधाच्या समितीत प्रत्यक्ष कसणाऱ्या बायकांना जागा मिळावी, कारण लावणी-कापणीचा मोठा भार त्याच उचलतात. आणि वाचकहो, गोव्याच्या बाजारात गेलात तर कोरगुटाचा उकडा तांदूळ मागा. नसेल तर पुन्हा मागा. गिऱ्हाईक विचारते आहे असे दिसले, तरच दुकानदार तो ठेवील आणि शेतकरी पेरील.