आधी ठिणगी, मग पेट्रोल, कार्ब्युरेटर सगळ्यात शेवटी

जुनी पेट्रोलची गाडी सकाळी सुरू झाली नाही की पहिला संशय कार्ब्युरेटरवर जातो. पाना हातात येतो, झाकण उघडलं जातं, एखादी बारीक स्प्रिंग उडून मातीत जाते, आणि दुपारी कळतं की बॅटरीचं टर्मिनल ढिलं होतं. म्हणून तपासणीला क्रम हवा. कार्ब्युरेटर बहुतेक वेळा निर्दोष असतो आणि उघडला की बिघडायची शक्यता मात्र पुरेपूर असते.

इथे डोळ्यांसमोर गाडी आहे ती महिंद्राची एफसी १५०. विलीजच्या नमुन्यावर १९६०च्या दशकात आपल्याकडे बनू लागलेली ही चपट्या नाकाची पिकअप. तिचं इंजिन तेच, जे त्या काळच्या पेट्रोल जीपला होतं: हरिकेन, चार सिलिंडर, १३४ घनइंच, म्हणजे सुमारे २.२ लीटर. पुढे अनेक मालकांनी डिझेल इंजिन बसवून घेतलं. ज्या पेट्रोलवरच राहिल्या, त्यांना नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठचा मे महिना आणि सातपुड्याचा चढ असं दोन्ही एकाच वर्षात सोसावं लागतं. खाली सांगितलेलं जुन्या जीपला तर तसंच लागू आहे, कार्ब्युरेटरच्या ओम्नीलाही बरंचसं लागू पडेल.

सुरुवात हेडलाइट लावून करा आणि सेल्फ मारा. लाइट एकदम मंद झाली, तर बॅटरी उतरलेली आहे किंवा टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर आहे. लाइट तशीच लखलखीत राहिली आणि नुसतं ‘टक्’ झालं किंवा तेही नाही, तर दोष सोलेनॉइडमध्ये, स्विचमध्ये किंवा अर्थिंगमध्ये. इंजिनापासून चॅसिसला जाणारी अर्थिंगची पट्टी जुन्या गाड्यांत हमखास गंजलेली असते. ती काढून पॉलिशपेपरने घासा, घट्ट बसवा. भरलेली बॅटरी उभ्या गाडीत साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना ९.५च्या खाली गेली तर ती आधी चार्ज करा.

इंजिन जोमाने फिरतंय पण धरत नाही, अशा वेळी ठिणगी बघायची. डेल्कोच्या, म्हणजे डिस्ट्रिब्यूटरच्या, टोपीतली मधली वायर काढा, रबरी मुठीच्या पक्कडीत धरा आणि तिचं टोक इंजिनाच्या उघड्या लोखंडापासून पाचसहा मिलिमीटरवर ठेवून कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. निळी, चटकन वाजणारी ठिणगी आली तर पुढे चला. पिवळी, मरगळलेली आली किंवा आलीच नाही, तर कार्ब्युरेटरला हात लावायचं कारणच उरत नाही. टोपी उघडून पॉइंट पाहा. त्यांच्या तोंडावर काळा डाग किंवा खड्डा असेल तर बारीक कानशीने साफ करा आणि फीलर गेजने फट ०.०२० इंच ठेवा. नवे पॉइंट पुन्हापुन्हा जळत असतील तर कंडेन्सर बदला. प्लगची फट ०.०३० इंच. वायर काढल्या असतील तर परत लावताना या इंजिनाचा फायरिंगचा क्रम लक्षात ठेवा: १-३-४-२. पावसाळ्यात नवापूरच्या बाजूला महिनाभर हवा ओली राहते. तेव्हा टोपीच्या आतून कोरडं फडकं फिरवलं तरी कित्येकदा गाडी पहिल्या फटक्यात सुरू होते.

आता पेट्रोल. एअर क्लीनर काढा. इंजिन बंद आहे आणि जवळ कोणी बिडी ओढत नाही याची खात्री करा. कार्ब्युरेटरच्या घशात वरून टॉर्चचा उजेड टाका आणि हाताने थ्रॉटलचा दांडा एकदा झटक्यात पूर्ण ओढा. आत पेट्रोलची बारीक, सरळ धार उडाली पाहिजे. या एका दृश्यातून पुष्कळ कळतं: फ्लोटच्या वाटीत पेट्रोल आहे, म्हणजे टाकी, नळी, फिल्टर आणि पंप आपापलं काम करत आहेत, आणि पिकअपचा, म्हणजे ॲक्सिलरेटर दाबताच पेट्रोल फेकणारा, छोटा पंपही जिवंत आहे. धार आली नाही तर मागे मागे जा. फिल्टरच्या काचेत कचरा किंवा तळाशी पाणी आहे का? कार्ब्युरेटरकडे जाणारी नळी सोडून बाटलीत धरली आणि सेल्फ मारला तर पंप ठोके देत पेट्रोल फेकतो का? कॉइलची वायर काढल्याशिवाय हा प्रयोग करू नका.

धार आली, ठिणगी निळी आहे, तरी गाडी सुरू होत नाही आणि पेट्रोलचा वास मारतोय, तर इंजिन ओव्हर झालंय, म्हणजे आत पेट्रोल जास्त झालंय. चोकचा दांडा पूर्ण आत ढकला, म्हणजे चोकची पट्टी उघडी राहील, ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून तसाच धरा आणि सेल्फ मारा. पायाने पंप करत राहिलात तर प्रत्येक वेळी आणखी पेट्रोल आत जाईल.

उन्हाळ्यातली तक्रार वेगळी. गाडी सकाळी मुकाट्याने सुरू होते, शहाद्याच्या बाजारात अर्धा तास थांबली की धरत नाही. या इंजिनात आत येणाऱ्या हवेचा मार्ग हेडमध्येच ओतलेला आहे आणि कार्ब्युरेटर त्यावर बसतो. एफसीमध्ये तर सगळं इंजिन केबिनमधल्या डब्यात कोंडलेलं. बंद केल्यावर हेडची धग वर चढते, वाटीतलं पेट्रोल उकळतं आणि नळीत वाफ अडकते. इंजिनाचा डबा उघडा ठेवून पंधरावीस मिनिटं थांबणं, पंपावर आणि नळीवर ओलं फडकं टाकणं हा तात्पुरता इलाज. कायमचा इलाज म्हणजे कार्ब्युरेटरखालचा जाड उष्णतारोधक तुकडा जागेवर आहे ना ते पाहणं आणि पेट्रोलची नळी सायलेन्सरच्या पाइपापासून लांबून नेणं.

तोरणमाळला चढताना उलटा त्रास. नंदुरबार समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरच्या आसपास, तोरणमाळ सुमारे १,१५० मीटरवर. वर हवा विरळ होते, जेट मात्र तेवढंच पेट्रोल सोडत राहतो. गाडी जड वाटते, काळा धूर टाकते. तो दोष नव्हे. परतायचं त्याच दिवशी असेल तर स्क्रूला हात लावू नका. खाली आल्यावर गाडी आपोआप नीट चालेल. हाच धूर सपाटीवरही दिसला तर मग आधी एअर क्लीनर पाहा. मिरचीच्या पथाऱ्यांच्या बाजूने हंगामभर फिरलेल्या गाडीत तेलाच्या वाटीतला चिखल बोटभर निघतो. मग चोकची पट्टी पूर्ण उघडते का ते पाहा, आणि त्यानंतर फ्लोट.

एवढं सगळं बरोबर निघालं तरच कार्ब्युरेटर उघडायचा. त्याआधी लक्षणं नीट ऐकून घ्या. चोक ओढल्याशिवाय चालत नाही, तर जेटमध्ये कचरा आहे किंवा बुडाच्या गॅस्केटमधून हवा घुसतेय; तिथे साबणाचं पाणी लावल्यावर आवाज बदलला तर गॅस्केटच. रस्त्यावर छान, पण सिग्नलला बंद पडते, तर स्लो जेट तुंबलाय. पाय दाबताच अडखळते, तर पिकअपच्या पंपाचं चामडं किंवा रबर गेलंय. जेट कार्ब क्लीनरने आणि हवेच्या दाबाने साफ करा. त्यात तार घालू नका. पितळी भोक केसभर मोठं झालं की गाडी कायमची पेट्रोल जास्त पिते. शेवटी मिश्रणाचा स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत, मग दीड फेरी बाहेर, आणि इंजिन तापल्यावर सगळ्यात गुळगुळीत चालेल तिथे थांबा.

आणखी एक गोष्ट गंभीरपणे घ्यावी लागेल. आता पेट्रोल पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला जळायला १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला ९. म्हणजे जुन्या जेटला हे इंधन पातळ पडतं. गाडी तापते, अडखळते. इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं, टाकीचा गंज सोडवून फिल्टरमध्ये आणतं आणि हवेतलं पाणी ओढून घेतं. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर फ्लोटची वाटी रिकामी करा. नळी, पंपाचा पडदा आणि निडल इथेनॉलला टिकणारे बसवून घ्या, आणि गरज वाटली तर जाणकाराकडून मुख्य जेट एक नंबर मोठा करून घ्या.

आणि गाडी शेवटी मेकॅनिककडे न्यायचीच वेळ आली, तर ठिणगीचा रंग कसा होता आणि घशात धार उडाली की नाही, एवढं त्याला सांगा. त्याचा अर्धा दिवस आणि तुमचे पैसे दोन्ही वाचतील.