तुषारांतून फुप्फुसात : लीजनेअर्स रोग

अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेचे अधिवेशन जुलै १९७६ मध्ये फिलाडेल्फियातील एका हॉटेलात भरले होते. प्रतिनिधी घरी परतले आणि थोड्याच दिवसांत त्यांच्यापैकी अनेकांना तीव्र ताप व न्यूमोनिया झाला. हॉटेलच्या परिसरात आलेल्या इतरांसह २०० हून अधिक लोक आजारी पडले, ३४ दगावले. नेहमीच्या संवर्धन माध्यमांवर कोणताच संशयास्पद जिवाणू वाढेना, त्यामुळे विषबाधेपर्यंत तर्क लढविले गेले. अखेर जानेवारी १९७७ मध्ये कारण उघड झाले. त्या जिवाणूला पुढे ‘लीजनेला न्यूमोफिला’ हे नाव मिळाले.

नद्या-तळ्यांत हा जिवाणू अल्प प्रमाणात असतोच आणि तेथे सहसा उपद्रव देत नाही. मात्र साचलेले, २० ते ४५ अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी आणि नळांच्या आतील बुळबुळीत थर मिळाला की तो झपाट्याने वाढतो. पाण्यातील अमीबा त्याला गिळतो. पण तो पचत नाही, उलट अमीबाच्या पोटातच त्याची संख्या वाढते. मानवी फुप्फुसातील भक्षक पेशींनाही तो याच युक्तीने चकवितो. पेनिसिलिन येथे निरुपयोगी ठरते, तर पेशींच्या आत पोहोचणारी ॲझिथ्रोमायसिन वा लेव्होफ्लॉक्सॅसिन ही औषधे गुणकारी ठरतात. साधा न्यूमोनिया समजून उपचार केल्यास मोलाचा वेळ वाया जातो.

असे पाणी प्यायल्याने सहसा हा रोग होत नाही. धोका असतो तो ५ मायक्रॉनहून लहान तुषारांचा, कारण ते थेट वायुकोशांपर्यंत पोहोचतात. वातानुकूलन यंत्रणेचे शीतन मनोरे, कारंजी, शॉवर ही त्यांची उगमस्थाने होत. १९९९ मध्ये नेदरलँड्समधील बोव्हेनकार्स्पेल येथील पुष्पप्रदर्शनात मांडलेल्या फेसाळत्या स्नानकुंडाजवळून लोक केवळ ये-जा करीत होते. तरीही ३० हून अधिक जणांचा बळी गेला. लक्षणे साधारणतः २ ते १० दिवसांनी दिसतात. तोवर रुग्णाला त्या कारंज्याची आठवणही राहत नाही! इन्फ्लुएन्झाप्रमाणे हा रोग माणसाकडून माणसाकडे सहसा पसरत नाही. वृद्ध, धूम्रपान करणारे व प्रतिकारशक्ती क्षीण झालेले लोक यांना धोका अधिक.

गरम पाणी ६० अंशांवर साठवावे आणि थंड पाणी २० अंशांखाली राखावे, असा प्रतिबंधाचा नियम आहे. भारतीय उन्हाळ्यात गच्चीवरील टाकीबाबत त्याचा दुसरा भाग पाळणे जवळजवळ अशक्यच. म्हणून येथे टाक्यांची सफाई, क्लोरीनची योग्य मात्रा आणि बंद पडलेल्या नळांतून नियमित पाणी सोडणे यांवरच भर द्यावा लागतो. रुग्णालयांत तर विशेषच, कारण तेथे शॉवरखाली उभा राहणारा मुळातच दुर्बळ असतो. ब्राँक्समधील २०१५ च्या उद्रेकानंतर न्यूयॉर्क शहराने प्रत्येक शीतन मनोऱ्याची नोंदणी व तपासणी कायद्याने सक्तीची केली.